हकीमसाहेबांच्या नावाचे औषध

रमजानचा चाँद दिसायच्या आठवडाभर आधीपासून गावोगावच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास येतो. बीपीची गोळी सहेरीला घ्यायची की इफ्तारनंतर? डॉक्टर कुठल्याही धर्माचे असोत, या महिन्यात रोज्याचे वेळापत्रक त्यांनाही पाठ होऊन जाते. गोळीची वेळ सरकते, कुणाचा डोस बदलतो, कुणाला रोजा न ठेवण्याचा सल्ला मिळतो. बीपीची गोळी ही आता मिठाच्या बरणीइतकी घरगुती वस्तू झाली आहे. त्यामुळे पंच्याहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी या आजारावर भरवशाची म्हणावी अशी गोळी जवळजवळ नव्हतीच, हे सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही. मीठ तोडा, विश्रांती घ्या, राग आवरा, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. फारच झाले तर पाठीतले मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया. अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा वाढलेला रक्तदाब डॉक्टरांना चांगला ठाऊक होता. पण द्यायला नेमके औषध नव्हते.

१९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात एक लेख लिहिला. उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना त्यांनी एका भारतीय झुडपाच्या मुळीपासून केलेले औषध दिले होते आणि बहुतेकांचा रक्तदाब उतरला होता. त्या लेखानंतर जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांचे लक्ष या मुळीकडे गेले. आपण तिला सर्पगंधा म्हणतो. हकीम मंडळी असरोल म्हणतात. बिहारकडच्या बाजारात ती पागल की दवा या सरळसोट नावाने विकली जाई. या मुळीला प्रयोगशाळेच्या टेबलावर आणण्यामागे दिल्लीच्या एका हकिमाची दूरदृष्टी होती. काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे नाव एका ओळीत येते. आज ओळख करून घ्यायची आहे ती त्यांच्यातल्या हकिमाची. त्यांचे नाव हकीम अजमल खान.

जुन्या दिल्लीत चांदणी चौकातून आत वळले की बल्लीमारान लागते. मिर्झा गालिबच्या हवेलीमुळे ही गल्ली बहुतेकांना ऐकून माहीत असते. तिथेच शरीफ मंझिल नावाचा वाडा आहे. या घराण्याने मोगल दरबारापासून पिढ्यान्‌पिढ्या हकिमी केली. अजमल खानांचे वडील हकीम महमूद खान गालिबचे शेजारी. १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि शहरात कत्तल व लूट सुरू झाली, तेव्हा ही गल्ली वाचली. कारण या घरातले हकीम पतियाळाच्या महाराजांकडे चाकरीला होते आणि महाराजांनी गल्लीच्या तोंडाशी आपले शिपाई उभे केले होते. शीख राजाच्या पहाऱ्यात मुसलमान हकिमाचे घर आणि उर्दूचा सर्वांत मोठा शायर सुखरूप राहिला. ११ फेब्रुवारी १८६८ ला, हिजरी सनाप्रमाणे ईदच्या शव्वाल महिन्यात, या घरात अजमल खानांचा जन्म झाला. गालिब तेव्हा जिवंत होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

घरचा रिवाज असा की मुलाने आधी कुराण पाठ करायचे, मग अरबी-फारसी, मग तर्कशास्त्र, आणि शेवटी तिब्ब म्हणजे वैद्यक. अजमल खान लहानपणीच हाफिज झाले. रमजानमध्ये रात्री तरावीहच्या नमाजात संपूर्ण कुराण तोंडपाठ म्हणणारे जे असतात, ते हाफिज. वैद्यकाचा अभ्यासही बराचसा असाच चाले. इब्न सिनाच्या ग्रंथातली प्रकरणेच्या प्रकरणे विद्यार्थी पाठ करत, वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून नाडी धरायला शिकत आणि घराण्याचे नुस्खे वहीत उतरवून घेत. वही मात्र घराबाहेर जात नसे.

युनानी हा शब्द यूनान म्हणजे ग्रीस यावरून आला, हे इथे सांगून ठेवायला हवे. ग्रीकांचे वैद्यक अरबांनी उचलले, बगदादमध्ये त्यात चरक-सुश्रुताच्या ग्रंथांच्या भाषांतरांचीही भर पडली, इराणात ते वाढले आणि भारतात येऊन इथल्या झाडपाल्याशी एकरूप झाले. असरोल हे त्याचेच उदाहरण. ग्रीसमध्ये ती उगवत नाही. भारतातल्या हकिमांनी ती इथल्या वैद्यांकडून आणि रानातल्या लोकांकडून घेतली. तेव्हा युनानीला परदेशी म्हणणे किंवा केवळ मुसलमानी म्हणणे, दोन्ही चूक. अजमल खानांना हे पक्के ठाऊक होते आणि त्यांच्या पुढच्या कामाला याच जाणिवेचा आधार होता.

१८९२ मध्ये ते रामपूरच्या नवाबांचे हकीम म्हणून रुजू झाले. रामपूरचा ग्रंथसंग्रह तेव्हाही नावाजलेला होता. तिथल्या हस्तलिखितांत त्यांची वर्षे गेली. इकडे दिल्लीत थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान यांनी १८८० च्या दशकात मदरसा तिब्बिया काढला होता. हकिमी घरात न शिकवता वर्गात शिकवायची, बाहेरच्या मुलांनाही शिकवायची, ही त्या काळात धाडसाचीच गोष्ट. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत दोघे थोरले भाऊ पाठोपाठ गेले आणि मदरसा, वाडा व दारातली रुग्णांची रांग हे सगळे अजमल खानांच्या अंगावर आले.

त्यांच्या दवाखान्याचा शिरस्ता असा सांगतात की दिल्लीत जो दारात येईल, मग तो राजा असो की हमाल, त्याच्याकडून फी घ्यायची नाही. दिल्लीबाहेर मात्र कुणा संस्थानिकाने बोलावले तर दिवसाला हजार रुपये. त्या काळचे हजार रुपये! संस्थानिकांच्या पोटदुखीवर गरिबांचा दवाखाना चालायचा, असेच म्हणायला हवे. औषधे तयार करून विकण्यासाठी त्यांनी हिंदुस्तानी दवाखाना सुरू केला. घराण्याचे नुस्खे तिथे बाटल्यांत भरून लेबल लावून मिळू लागले आणि नफा शिक्षणसंस्थेकडे वळवला गेला. १९०९ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी वेगळी शाळा काढली. पडद्यातल्या बायका पुरुष हकिमासमोर येत नाहीत, बाळंतपणे अडाणी हातांनी होतात आणि बायका मरतात, हे रोजचे दृश्य होते. त्यांच्या शाळेत सुइणींना रीतसर शिक्षण मिळू लागले.

या सुमारास मुंबईहून एक वादळ आले. मुंबई सरकार डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा करू पाहत होते. पुढे १९१२ मध्ये तो झाला. नोंदणी फक्त पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची. वैद्य आणि हकीम यांना त्या वहीत जागाच नव्हती. मुंबईत झाले की इतर प्रांतांतही तेच होणार, हे उघड होते. अजमल खानांनी वैद्य आणि हकीम यांची एकत्र परिषद उभी केली. १९१० पासून या अखिल भारतीय आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बी परिषदेची अधिवेशने होऊ लागली. हे वाटते तितके सोपे नव्हते. लखनौच्या नामांकित अझीझी घराण्यातल्या हकिमांना वैद्यांसोबत एका मांडवात बसणे मान्य नव्हते. आपली विद्या शुद्ध राहिली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. वैद्यांमध्येही असे म्हणणारे होतेच. शुद्धतेचा आग्रह सगळ्याच घराण्यांत सापडतो, त्याला धर्माचे बंधन नाही.

अजमल खान मात्र दोन आघाड्यांवर बोलत होते. सरकारला ते सांगत की ही विद्या कोट्यवधी लोकांची आहे, तिला कायद्याने मारू नका. आणि आपल्याच लोकांना सांगत की शरीररचना आणि शस्त्रक्रिया यांत आपण मागे पडलो आहोत, ते शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. पहिले बोलणारे पुष्कळ होते आणि आजही आहेत. दुसरे बोलायला हिंमत लागते, कारण टाळ्या पडत नाहीत.

१९११ मध्ये ते युरोपला गेले. लंडन, पॅरिस, बर्लिन असे करत परतीच्या वाटेवर इस्तंबूल आणि कैरो. रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि ग्रंथालये पाहणे हाच हेतू. लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात तेव्हा डॉ. मुख्तार अहमद अन्सारी काम करत होते. तिथल्या एका रुग्णाच्या निदानावरून हकीमसाहेब आणि ज्येष्ठ सर्जन स्टॅन्ली बॉइड यांच्यात मतभेद झाला आणि शस्त्रक्रियेत हकीमसाहेबांचे निदान बरोबर निघाले, अशी गोष्ट उर्दू चरित्रांत मोठ्या आवडीने सांगितली जाते. ऐकायला छान वाटते. पण मला त्या गोष्टीपेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे, की नाडीवर हात ठेवून निदान करणारा हिंदुस्थानातला सर्वांत नामवंत हकीम वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी परक्यांची रुग्णालये पाहायला, शिकायच्या तयारीने समुद्रापार गेला. त्याला आपल्या विद्येविषयी न्यूनगंड नव्हता, म्हणूनच तो गेला असावा.

परत आल्यावर मोठ्या कॉलेजचे काम सुरू झाले. २९ मार्च १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते करोलबागेत आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजची कोनशिला बसली. नावातला क्रम पाहा. मुसलमान हकिमाने काढलेल्या कॉलेजच्या नावात आयुर्वेद आधी आहे. एका छताखाली वैद्य आणि हकीम शिकणार, दोघांनाही आधुनिक शरीरशास्त्र शिकवले जाणार.

इमारत पूर्ण होईपर्यंत देश बदलला होता. जालियनवाला बाग झाली, खिलाफत आणि असहकार सुरू झाले. सरकारने दिलेली हाजिक-उल-मुल्क ही पदवी आणि कैसर-ए-हिंद पदक अजमल खानांनी १९२० मध्ये परत केले. लोकांनी त्यांना मसीह-उल-मुल्क म्हणायला सुरुवात केली. १३ फेब्रुवारी १९२१ रोजी कॉलेजचे उद्घाटन झाले ते गांधीजींच्या हस्ते. कोनशिला व्हाइसरॉयची, उद्घाटन गांधीजींचे! त्याच समारंभात हार्डिंग पतिपत्नींच्या तसबिरींचे अनावरणही गांधीजींनीच केले. सरकारशी भांडण होते, पण ज्याने मदत केली त्याचे ऋण विसरायचे नाही, हा हकीमसाहेबांचा शिष्टाचार आणि गांधीजींनीही तो पाळला.

त्या दिवशी गांधीजींनी भाषणात वैद्य-हकिमांचे नुसते कौतुक केले नाही. आधुनिक वैद्यकावर त्यांचे आक्षेप होतेच. पण पाश्चात्त्य शास्त्रज्ञांची शोध घेण्याची तळमळ आपल्या वैद्य-हकिमांत दिसत नाही, जुनी सूत्रे ते प्रश्न न विचारता वापरत राहतात, अशी स्पष्ट तक्रार त्यांनी त्याच व्यासपीठावरून केली. यजमानाला राग यावा असे ते बोलणे होते. राग यायचे कारण नव्हते, कारण यजमानाचे दुखणेही तेच होते.

राजकारणातले त्यांचे काम थोडक्यात सांगतो. मुस्लिम लीगच्या सुरुवातीच्या मंडळींत ते होते, १९१९ च्या अमृतसर अधिवेशनात लीगचे अध्यक्ष होते. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात गेले, तेव्हा ती खुर्ची अजमल खानांनी सांभाळली. १९२० मध्ये अलीगढला जामिया मिलिया इस्लामिया निघाली, तिचे ते पहिले कुलपती. खिलाफत चळवळ ओसरल्यावर जामियाचा पैसा आटला, तेव्हा १९२५ मध्ये ती दिल्लीत करोलबागेला आणून, प्रसंगी पदरचा पैसा घालून त्यांनी ती जगवली. मधल्या वेळेत शैदा या नावाने उर्दू-फारसी शायरीही केली. त्यांचा दीवान १९२६ मध्ये बर्लिनमध्ये छापला गेला. माणसाला दिवसाचे तास किती असतात, असा प्रश्न पडावा.

आता त्या मुळीकडे येऊ.

बाराबंकी जिल्ह्यातल्या एका गावचा सलीमुज्जमा सिद्दिकी नावाचा तरुण अलीगढहून तत्त्वज्ञान आणि फारसी शिकून १९२० मध्ये वैद्यक शिकायला लंडनला गेला. तिथे मन रमले नाही. वर्षभरात तो जर्मनीत फ्रँकफुर्टला गेला आणि रसायनशास्त्राकडे वळला. हा गडी चित्रकारही होता, फ्रँकफुर्टमध्ये त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले होते. अजमल खानांच्या कानावर त्याचे नाव होते. त्यांनी त्याला दरमहा पैसे पाठवायची व्यवस्था केली. अपेक्षा एकच, शिकून परत ये आणि तिब्बिया कॉलेजात संशोधनशाळा उभी कर. आपल्या औषधांत नेमके काय आहे, ते काढून दाखव.

हकिमाने रसायनशास्त्रज्ञ पाळणे, यात धोका काय आहे तो लक्षात घ्यावा. मुळीत काही सापडले नाही तर? पिढ्यान्‌पिढ्यांचा नुस्खा पोकळ निघाला तर? ज्याच्या नावावर आणि नुस्ख्यांवर लाखोंचा विश्वास आहे, त्याने स्वतःच्या खर्चाने आपली परीक्षा घेणारा माणूस तयार करावा, हे मला त्यांच्या साऱ्या पदव्या आणि अध्यक्षपदांपेक्षा मोठे वाटते.

सिद्दिकींना १९२७ मध्ये फ्रँकफुर्टची डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस रामपूरला असताना हृदयविकाराने अजमल खान गेले. वय साठीच्याही आत. देह दिल्लीला आणून पंचकुइयाँ रोडलगतच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला. १९२८ मध्ये करोलबागेत संशोधनशाळा सुरू झाली तेव्हा तिचा पोशिंदा नव्हता.

सिद्दिकी आणि त्यांचे सहकारी रफत हुसेन सिद्दिकी यांनी घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे असरोल. मुळी वाळवायची, कुटून भुकटी करायची, मद्यार्कात भिजत घालून अर्क काढायचा. मग आम्ल आणि अल्कली यांच्या मदतीने त्या अर्कातून अल्कलॉइड नावाचे पदार्थ वेगळे करायचे. मुळीची मूळ ताकद बहुधा या पदार्थांत असते. अफूतले मॉर्फीन, सिंकोनाच्या सालीतले क्विनीन ही याच जातीची. अर्क वारंवार शुद्ध करत गेले की तळाशी स्फटिक जमतात. ऐकायला हे लोणच्याच्या कृतीसारखे वाटते, पण त्यात महिने जातात आणि किलोभर मुळीतून हाती येते ते चिमूटभर. १९३१ मध्ये दोघांनी पाच अल्कलॉइड वेगळे केल्याचे जाहीर केले. तीन पांढरी, दोन पिवळी. पिवळ्यांना झाडाच्या शास्त्रीय नावावरून सर्पेंटीन आणि सर्पेंटिनीन अशी नावे दिली. पांढऱ्यांना नावे दिली अजमलीन, अजमलिनीन आणि अजमलिसीन. स्वतःचे नाव देण्याची संधी असताना त्या मातीआड गेलेल्या हकिमाचे नाव त्यांनी तीनदा लिहिले.

झाडाच्या नावाची गंमतही सांगायला हवी. रॉवुल्फिया सर्पेंटिना. पैकी रॉवुल्फ हा सोळाव्या शतकातला जर्मन वैद्य. अरबस्तानाच्या बाजूला तो हिंडला, भारतात त्याने पाऊलही टाकले नाही. तरी झाडावर नाव त्याचे. म्हणून आतल्या स्फटिकांवर तरी अजमल हे नाव आले याचे समाधान वाटते.

१९३१ मध्येच कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडाच्या आजारात आणि रक्तदाबात ही मुळी उपयोगी पडते, असे प्रसिद्ध केले. मुळी काम करते, हे आता रुग्णांवर दिसत होते. आणि इथेच गोष्टीला वळण मिळाले. दिल्लीत काढलेली सुंदर स्फटिके रुग्णाला झोप आणणारी, वेड शमवणारी नव्हती. पुढे कळले की ती ताकद स्फटिक काढून घेतल्यावर उरणाऱ्या तपकिरी, चिकट गाळात होती. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातल्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या गाळातून रेसरपीन वेगळे केले. डॉ. वकिलांच्या लेखाने वाट दाखवली होतीच. रेसरपीनच्या गोळ्या जगभर खपल्या. १९५४ पासून न्यूयॉर्कचे नॅथन क्लाइन आणि इतर डॉक्टर मनोरुग्णालयांत ती वापरू लागले. ज्या रुग्णांना बांधून ठेवावे लागे ते शांत बसू लागले. बिहारच्या बाजारातले पागल की दवा हे नाव अमेरिकेत खरे ठरले. डॉ. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

दिल्लीला जे हुकले ते बाझेलला मिळाले, याची हळहळ वाटते. कंपनीकडे पैसा होता, माणसे होती. करोलबागेत एक छोटी प्रयोगशाळा आणि मोजकी माणसे. तरी सगळे दैवावर ढकलू नये. डोळ्यांना सुंदर दिसणाऱ्या स्फटिकामागे जाणे हा रसायनशास्त्रज्ञाचा स्वभाव. गाळाकडे परत जायला रुग्णाशेजारी बसणाराही सोबत लागतो.

परीक्षेने मुळीचे दोषही उघडे पाडले. रेसरपीन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य येऊ लागले. त्यामागचे कारण शोधताना कळले की मज्जातंतूंच्या टोकांशी सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलीन, डोपामिन अशा रसायनांची छोटी कोठारे असतात आणि रेसरपीन ती रिकामी करते. रक्तदाब उतरतो तो त्यामुळे, मन खचते तेही बहुधा त्यामुळेच. स्वीडनचे अरविद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपीन दिले. ससे गळून पडले. मग एल-डोपा टोचल्यावर ते पुन्हा हलू-फिरू लागले. पार्किन्सन म्हणजे कंपवाताच्या आजच्या उपचाराचे बीज त्या प्रयोगात आहे. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. एका मुळीने मेंदूच्या अभ्यासाला कुठून कुठे नेले!

आज रेसरपीन फारसे दिले जात नाही. त्याहून सौम्य आणि सुरक्षित गोळ्या आल्या. तेव्हा हा लेख वाचून कुणी सर्पगंधेची पूड आणून आपल्या मनाने सुरू करू नये, बीपीच्या गोळीसोबत तर मुळीच नाही. असरोल असलेल्या युनानी गोळ्या आजही मिळतात, त्या ज्याला कळते त्यालाच विचारून घ्याव्यात. दुसरे असे की औषध मुळीत असल्याने झाड उपटावेच लागते. परदेशातून मागणी वाढली तशी रानेच्या राने ओरबाडली गेली. अखेर सरकारला मुळ्यांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले.

मग त्या तीन पांढऱ्या स्फटिकांचे काय झाले? अजमलीन निरुपयोगी ठरले नाही. ते हृदयाच्या ठोक्यांवर काम करते. हृदयाच्या पेशींत सोडियमचे कण शिरण्याची जी दारे असतात, ती अजमलीन काही काळ अडवते. ठोक्यांची अनियमितता आवरण्यासाठी ते वापरले गेले. नंतर १९९२ मध्ये ब्रुगाडा बंधूंनी एक आजार वर्णन करून दाखवला. धडधाकट दिसणारा तरुण रात्री झोपतो आणि सकाळी उठत नाही. घरचे नजर लागली म्हणतात, कुणी करणी म्हणतात. असा दोष असणाऱ्याचा ईसीजी एरवी साधाच दिसू शकतो. शिरेतून हळूहळू अजमलीन दिले की दडलेला दोष काही मिनिटांत ईसीजीच्या रेषेत वर येतो. युरोपातल्या अनेक रुग्णालयांत ही चाचणी केली जाते आणि ती अजमलीन चाचणी म्हणूनच ओळखली जाते. भाऊ किंवा बाप असा अचानक गेलेल्या घरातली धाकटी मुले या चाचणीला येतात. दोष सापडला तर पुढची काळजी घेता येते. हकिमाने शोधायला सांगितले होते एक, आणि हाती आले दुसरेच. पण जे आले ते जीव वाचवणारे.

सलीमुज्जमा सिद्दिकींनी तिब्बिया कॉलेजात १९४० पर्यंत काम केले. आपल्या कोकणात जुलाबावर जी कुड्याची साल उगाळून देतात, त्या कुड्यातलेही अल्कलॉइड त्यांनी काढले. नंतर कडुनिंबाच्या तेलातून निंबीन, निंबिडीन वेगळे केले. १९५१ मध्ये ते पाकिस्तानात गेले आणि कराचीत त्यांनी पुन्हा प्रयोगशाळा उभ्या केल्या. १९९४ मध्ये शहाण्णवाव्या वर्षी ते वारले. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत अजमलीन आहे.

दिल्लीत करोलबागेचा अजमल खान रोड सगळ्यांना माहीत आहे. लग्नसराईत तिथे कपड्यांच्या आणि चपलांच्या दुकानांसमोर पाय ठेवायला जागा नसते. त्याच परिसरात तिब्बिया कॉलेज आहे. वैद्य आणि हकीम अजून तिथे एकाच आवारात शिकतात, आणि सकाळी रुग्णांची रांग लागते.